मापाचं रक्त

मिरजेतल्या त्या लॅबमध्ये केतकी साळुंखेच्या रक्ताला मोठा मान होता. हिमोग्लोबिन जिथं असावं तिथं, साखर जिथं असावी तिथं, थायरॉइडची तक्रार नाही. नवं मशिन आलं की आधी केतकीच्या बोटाला सुई टोचायची, आकडे नेहमीचे आले की मशिन पास. कंपनीच्या नियमांत हे बसत नव्हतं. पण लहान लॅबा नियमांवर कमी आणि सवयींवर जास्त चालतात. "पोरीचं रक्त म्हणजे मापाचं," असं बशीरभाई शिकलगार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू ते माप त्यांनीच घडवलं होतं. बशीरभाई हे तिथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. घराणं सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं, त्यामुळे माप या विषयावर बोलायचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळालाय असं त्यांना वाटे.

केतकी सव्वीस वर्षांची, मूळची आटपाडीची. लॅबमधल्या प्रत्येकाचा वाढदिवस तिच्या लक्षात. केक तीच आणणार, फोटो तीच काढणार, रुसलेल्याची समजूतही तीच काढणार. मुलगी माणसांत रमणारी आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. संध्याकाळी ती खोलीवर गेली की सकाळी लॅबमध्ये येईपर्यंत तिच्या तोंडून एक शब्दही निघत नसे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कधीकधी स्वतःचा आवाज आहे ना हे बघायला ती भाजी चिरताना मोठ्यानं भाव म्हणायची: गवार अमुक, दोडका तमुक. मग स्वतःचीच लाज वाटून गप्प व्हायची.

अशा मुलीच्या हाती संगांकाचं मशिन आलं, याला काय म्हणावं.

संगांक म्हणजे काय, ते सांगायला हवं. एकटेपणा हा मनाचा खेळ, असं लोक पूर्वी म्हणायचे. शरीर तसं म्हणत नाही. हवी तशी माणसं आसपास नाहीत असं बराच काळ वाटत राहिलं, तर शरीर पहाऱ्यावर बसतं. झोपेतही पुरतं सैल होत नाही. सकाळी उठताना कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक झपकन वर जायला हवं, ते रेंगाळतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सूज वाढवणारी जनुकं जागी होतात आणि विषाणूंशी लढणारी मागं पडतात. एकटा माणूस आधी जखमी होईल आणि मग आजारी पडेल, असा काहीतरी हिशेब शरीरानं फार जुन्या काळापासून धरलेला आहे. नव्या मशिननं रक्ताच्या दोन थेंबांतून या सगळ्या खुणा एकत्र मोजल्या आणि त्यांचा एक आकडा केला. तोच संगांक. साठाच्या वर हिरवा, त्याखाली पिवळा, चाळिशीच्या आत लाल.

लॅबच्या मालकीणबाई डॉ. पद्मजा आरवाडे यांचा या मशिनवर फार जीव होता. "तहान लागली म्हणून कुणी लाजतं का?" त्या प्रत्येक शिबिरात विचारायच्या. "हीसुद्धा तहानच आहे. पाण्याऐवजी माणसांची." लोक माना डोलवायचे. पण त्याच लोकांनी वर्षभरात आकड्याचं काय केलं बघा. लग्नं जुळवणारे पत्रिकेबरोबर संगांक मागू लागले. लाल आलेल्या मुलाला त्याचे मित्र 'लाल्या' म्हणू लागले. आईबाप शेजाऱ्यांना सांगू लागले, की आमच्या घरात सगळे हिरवे, आमचे संस्कारच तसे. तहानेला नाव मिळालं, आणि तहानलेल्याला वाळीत टाकायची सोयही झाली.

मशिनची एक खोड होती. हवा, आहार, झोपायच्या वेळा यांनी या खुणा गावागणिक थोड्या बदलतात, म्हणून रोज सकाळी त्याला आधी एक 'बरा' नमुना दाखवावा लागे. त्याला लॅबमध्ये कंट्रोल म्हणतात. त्या कंट्रोलच्या तुलनेत मशिन दिवसभर बाकीच्यांना मोजे. बशीरभाईंच्या भाषेत, सा कुठं धरायचा ते एकदा ठरलं की मग बाकीच्या तारा त्यावर. कंट्रोलच्या कुप्या कंपनीकडून बर्फात येत.

शहराबाहेरच्या तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात शिबिर ठरलं होतं, त्याच सकाळी कुप्यांचा खोका आला तो कोमट. वाटेत कुठंतरी बर्फ वितळून गेला होता. गाडी दारात उभी, वसतिगृहात मुलं उपाशीपोटी बसलेली, प्राचार्यांचे फोनवर फोन.

"मशिनमध्ये स्थानिक कंट्रोलची सोय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अठरा ते तीस वयाचं, निरोगी माणूस हवं."

"मग अडलंय कुठं?" बशीरभाई म्हणाले. "केतके, बोट दे."

सवयीनं केतकीनं बोट पुढं केलं. रक्ताचे थेंब पट्टीवर पडले, उरलेला नमुना नियमाप्रमाणे फ्रीजरमध्ये गेला. पडद्यावर नेहमीचे प्रश्न आले, ताप आहे का, औषध चालू आहे का. ती भराभर उत्तरं देत गेली. शेवटचा प्रश्न आला: 'गेल्या महिन्यात तुम्हाला वारंवार एकटं वाटलं का?'

हो म्हटलं तर मशिन नमुना नाकारणार आणि शिबिर रद्द होणार, हे खरं होतं. पण तिचं बोट अडलं ते त्यामुळे नाही. मागे डॉक्टर उभ्या होत्या, बशीरभाई उभे होते, आणि दोघंही पडदा वाचत होते. बशीरभाई तर हसतच होते, काय पण प्रश्न विचारतंय म्हणून. केतकीही हसली. तिनं 'नाही'वर बोट ठेवलं.

शिबिराचे निकाल लागले, तर वसतिगृह आख्खं हिरवं. एक लाल नाही, पिवळे औषधापुरते. प्राचार्यांनी फाटकावर मोठा फलक लावला, की येथील वातावरण सर्वांत निकोप. डॉक्टरांना जरा नवल वाटलं. पण चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतो? केतकीला मात्र आपलं 'नाही' आठवलं. तिनं स्वतःला समजावलं, की असतील सुखी. सगळे आपल्यासारखे थोडेच असतात.

त्याच आठवड्यात काउंटरवर एक मुलगा आला. उंच, खांदे पाडून उभा राहणारा, शर्टाची बाही सारखी ओढणारा. नाव श्रेणिक चौगुले, दुसऱ्या वर्षाला, शिरोळकडचा.

"मॅडम, माझा रिपोर्ट परत बघता काय?"

केतकीनं बघितला. "हिरवा आहे की. छान आहे."

"व्हय. पण छान कसा काय आला?"

तो काचेला हात लावून हळू आवाजात सांगू लागला. "खोलीतली पोरं वाईट न्हाईत. बोलत्यात. पण मी असलो काय, नसलो काय, सारखंच. मेसमध्ये ताट घेऊन हुभा ऱ्हातो आन कुठं बसायचं तेच कळत न्हाई. म्हणून आता सगळी जेवून गेली की जातो. घरला फोन केला, म्हटलं, बाबा, मला हितं ऱ्हावत न्हाई. ते म्हटले, तपासणी हाय न्हवं? मशिननं सांगितलं तर मानीन."

"मग?"

"मग काय. हिरवा आला. आता म्हणत्यात, नाटकं बास कर." त्यानं बाही ओढली. "मला वाटलं, मशिनला तरी कळंल. आता मशिनबी म्हणतंय मी ठीक हाय. म्हणजे खोट माझ्यातच आसंल."

केतकीनं यावर जे सांगितलं ते आठवून तिला पुढं कितीतरी दिवस शरम वाटत राहिली. ती म्हणाली, "थोडं मिसळून राहावं. व्यायाम करावा. मोबाइल कमी करावा." हे तिला स्वतःला कुणी सांगितलं असतं, तर तिनं ते ऐकून गुपचूप दार लावून घेतलं असतं.

"हां," श्रेणिक म्हणाला, आणि गेला. त्या 'हां'चा सूर तिच्या चांगला ओळखीचा होता. समोरच्याला आणखी त्रास नको म्हणून माणूस तसं म्हणतो.

ताज्या कुप्या आल्या त्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता फ्रीजरमधून स्वतःचा शिबिराच्या सकाळचा नमुना काढला आणि कंपनीच्या कंट्रोलच्या तुलनेत मशिनमध्ये लावला. आकडा आला एकतीस. लाल.

ती खुर्चीत बसून राहिली. खरं सांगायचं तर आधी तिला बरं वाटलं. इतकी वर्षं आपण उगाच रडत नव्हतो, रक्तातच लिहिलेलं होतं. मग तिला त्या पोरांची आठवण झाली. ती स्वतः खाली असल्यामुळे तिच्या तुलनेत सगळी पोरं वर दिसली होती. मशिनमध्ये सगळ्यांची मूळ मोजणी साठवलेली होती. खऱ्या कंट्रोलवर ती पुन्हा बसवायला एकच बटण पुरलं. पडद्यावरची हिरवी ओळ इथंतिथं विटू लागली. तीन पोरांमागे एक पिवळं किंवा लाल. श्रेणिक चौगुले एकोणतीस.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईनं एसटीनं दोन डबे पाठवले होते, एक केतकीला आणि एक पल्लवीला. पल्लवी म्हणजे केतकीची जिवलग मैत्रीण, शेजारच्या खोलीत राहणारी, इस्लामपूरची, जरा तिखट कमी खाणारी. आईला ती चांगलीच माहीत होती. मिरजेत मात्र ती कुणालाच माहीत नव्हती, कारण ती नव्हतीच. पहिल्या वर्षी आई फार काळजी करते म्हणून केतकीनं ती जन्माला घातली होती.

"पल्लवीला शेंगदाण्याचे लाडू आवडले का गं?" आईनं विचारलं.

"आई, पल्लवी नाही."

"गावाला गेलीय?"

"नाही गं. पल्लवी अशी कुणी नाहीच. मी एकटीच असते इथं."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "म्हंजे दोनी डबं तूच खायचीस?"

केतकीला हसू आलं आणि हसताहसता रडू फुटलं. आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर म्या काय केलं असतं सांग? लाडू एकाच डब्यात भरलं असतं. आन तुज्याकडं येऊन चार दिस ऱ्हायली असते. तू गेल्यापासनं हितं तरी माज्याशी कोण बोलतंय? मीबी तुला कधी सांगितलं न्हाई." दोघी थोडा वेळ काहीच न बोलता फोन कानाला धरून बसल्या. केतकीला वाटलं, की किती दिवसांनी आपण कुणासोबत तरी गप्प बसलोय.

डोळे पुसून ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. आकडा सांगितला, पडद्यावरचा प्रश्न सांगितला, 'नाही' म्हटलं तेही सांगितलं. डॉ. आरवाड्यांनी चष्मा काढून ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा पडला.

"रोज माझ्यासमोर बसतेस तू. मी गावोगाव भाषणं देत हिंडते, आणि तुला मला सांगता आलं नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा चढवत, "कुप्या खराब आल्या होत्या, हे खोटं नाही. तेवढंच कारण कॉलेजला सांगू. तुझं नाव कशाला यायला हवं?"

केतकीला ते पटलं. कुणाला नाही पटणार? घरी स्थळं बघायचं चाललं होतं, गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. कॉलेजला तसं कळवलं गेलं, प्राचार्यांनी फलक निमूटपणे उतरवला. बदललेला निकाल फोनवर धाडायचा नाही, समोर बसवून सांगायचा, असा नियम होता. म्हणून निकाल बदललेल्या पोरांची बंद पाकिटं घेऊन केतकी आणि बशीरभाई वसतिगृहाच्या ऑफिसात जाऊन बसले. रेक्टरांनी आडोशाला पडदाही लावून दिला.

कुणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तरी नाही.

"येतंय कोण?" रेक्टर म्हणाले. "एकदा हिरवा मिळालाय पोरांना. आता तुमच्या पडद्यामागं जो जाईल तो लाल, हे बाहेर सगळ्यांना दिसणार की."

खिडकीतून केतकीला श्रेणिक दिसला. तो व्हरांड्यातून चालला होता, ऑफिसच्या दाराशी त्याची पावलं मंदावली, पडद्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि तो निघून गेला. त्याचं पाकीट तिच्या हातातच होतं. ते त्याला मिळालं असतं तर बापानं त्याचं खरं मानलं असतं. मध्ये होता एक पडदा, तोही त्याच्या सोयीसाठी लावलेला.

"बशीरभाई," ती म्हणाली, "माझाही रिपोर्ट लाल आहे."

बशीरभाईंनी तिच्याकडं बघितलं. मशिनसमोर आपण हसलो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. "मी तुला कधी घरी जेवायला बोलावलं न्हाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली."

"आता बोलवाल. आधी ही पाकिटं घ्या, आपण मेसमध्ये जाऊ."

रविवार होता. रविवारी मेसमध्ये श्रीखंड-पुरी असते, त्यामुळे झाडून सगळी पोरं हजर होती. भिंतीशी दोन आचारी पुऱ्या तळत होते. केतकी मधोमध जाऊन उभी राहिली. वाढदिवसाला सगळ्यांना उभं करून फोटो काढणारी मुलगी आज स्वतःच सगळ्यांसमोर उभी होती.

"मी केतकी साळुंखे, लॅबमधून आलेय," ती म्हणाली. कुणी लक्ष दिलं, कुणी नाही. "तुमचे रिपोर्ट चुकले, ते कुप्या खराब झाल्या म्हणून नाही. त्या सकाळी मशिनला माझं रक्त दाखवलं होतं. मला एकटं वाटतं का, असं मशिननं विचारलं, आणि मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. मला रोज एकटं वाटतं. लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले, आणि त्यामुळे तुमच्यातल्या कितीतरी जणांना मशिननं सांगितलं, की तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्हाला झालंय. तुम्ही खोटं बोलत नव्हता. माझा संगांक एकतीस आहे."

आचाऱ्यांनीही माना वळवल्या. मग मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "एकतीस म्हणजे चार मार्कानं गेली की, मॅडम. ग्रेस घालून पास करायला पायजे."

आख्खी मेस हसली. केतकीही हसली, अगदी खरंखुरं, आणि मेसच्या त्या हसण्यात कुठंही टोमणा नव्हता. मुलींच्या टेबलावरची एक चष्मेवाली उठली आणि श्रीखंडाचा हात तसाच पुढं करून म्हणाली, "माझं पाकीट द्या." तिनं ते पडद्यामागं नेलं नाही, आपल्या ताटाशेजारी ठेवून फोडलं. "चव्वेचाळीस," ती शेजारणीला म्हणाली. "अगं, मला वाटलं मलाच असं होतं." शेजारीण उठली आणि स्वतःचं आणायला गेली. त्यानंतर बशीरभाईंच्या भोवती इतकी गर्दी झाली, की त्यांना नावं ओरडून पुकारावी लागली.

श्रेणिक दाराशी उभा होता, हातात रिकामं ताट. आज तो चुकून लवकर आला होता, की मुद्दाम, ते त्याचं त्यालाच माहीत. केतकी पाकीट घेऊन त्याच्याकडं गेली. त्यानं ते फोडलं, आकडा बघितला, आणि कितीतरी वेळ त्याच्याकडंच बघत राहिला. एकोणतीस मार्क पडल्यावर इतकं सुटल्यासारखं क्वचितच कुणाला वाटलं असेल.

"त्या दिवशी मी तुला व्यायाम कर म्हणाले," केतकी म्हणाली. "माफ कर मला. मला तुझ्यासारखंच होत होतं, तेच सांगायला हवं होतं."

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्याकडं दिला. "बाबा हाईत. तुमीच सांगा. माझं त्यास्नी खरं वाटायचं न्हाई."

केतकीनं फोन कानाला लावला. "श्रेणिकचे वडील का? मी लॅबमधून बोलतेय. आधीचा रिपोर्ट आमच्या चुकीनं आला. त्याला खरंच त्रास होतोय, बराच. तो तुम्हाला सांगत होता ते सगळं खरं होतं."

पलीकडं मोटरसायकलींचे आवाज येत होते, माणूस रस्त्यावर उभा असावा.

"म्या त्याला नाटकं म्हटलं, बाई," तो म्हणाला.

"मीही त्याला भलतंच काहीतरी सांगितलं होतं."

"आता काय करावं लागतंय? गोळ्या हाईत काय?"

"गोळ्या नाहीत. कुणीतरी त्याच्याजवळ येऊन बसावं लागतं."

"बोलायला काय सुचंल आसं वाटत न्हाई मला."

"बोलायला नको. नुसतं बसा."

मग अगदी फोनशी मोटरसायकलीला किक मारल्याचा आवाज आला, ती बंद पडता पडता सुरू झाली. फोन कट झाला.

श्रेणिक तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. "काय म्हटले?"

"निघालेत," केतकी म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग आपलं ताट सावरत त्यानं आणखी एक तिच्यासाठी उचललं, आणि दोघं बसायला जागा शोधू लागले.